सदतीस वर्षांचा टोस्टर गेला, नवा सकाळी पाव पांढराच देतोय. ठेवू की परत करू?

उदगीरची सिस्टर

नमस्कार. मी उदगीरची. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. प्रश्न टोस्टरचा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला नीट सांगता येईल.

जुना टोस्टर मी १९८७ साली हैदराबादला आबिड्समधून घेतला. नोकरी लागून तीन महिने झाले होते, मोठा भाऊ सोबत होता. तीनशे चाळीस रुपये दिले. येताना बिदरमार्गे रेल्वेत सगळा रस्ता खोका मांडीवर धरला, वरच्या फळीवर ठेवायचा धीर होईना. घरी आणला तर कुणाला कळेना की हे कशाला. आमच्याकडे टोस्ट म्हणजे बेकरीतला कडक, गोडसर टोस्ट, डब्यात भरून ठेवायचा. आणि साध्या पावाला माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, डबलरोटी म्हणायच्या. अजूनही म्हणतात. पण रात्रपाळी करून आल्यावर मला भाकरी थापायचं त्राण नसायचं. दोन स्लाइस घालायच्या, दांडी खाली दाबायची आणि तोवर हातपाय धुऊन यायचं. त्या काळात मी यावरच उभी राहिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी ड्यूटीवर होते. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. तिथून पुढचे चार दिवस घर बघितलंच नाही, जखमी येतच होते. घरी आले तेव्हा टोस्टर फळीवरून शहाबादी फरशीवर पडलेला होता, एक कोपरा चेपलेला. आत्याबाईंनी तो उचललाही नव्हता. “तू येऊन बघशील म्हणून ठेवला,” म्हणाल्या. वायर लावली, दांडी दाबली, तारा लाल झाल्या. तेव्हापासून तो चेपलेल्या कोपऱ्यासकट चालत आला.

आता आत्याबाई ९१ वर्षांच्या आहेत. दात नाहीत, बोटं संधिवातानं वाकडी झालीत. पहाटे साडेपाचला उठतात आणि आमच्यापैकी कुणाला उठवत नाहीत. थर्मासमधला चहा ओततात, स्वतः टोस्टर लावतात, टोस्ट चहात बुडवून खातात. घरात दिवसभराची सगळी कामं आता दुसरं कुणीतरी त्यांच्यासाठी करतं, हे एक काम त्या स्वतः करतात. म्हणून मला या टोस्टरची एवढी काळजी आहे.

दिवाळीनंतर जुन्याची एक बाजू तापेना. पंखे-मोटारी बांधणाऱ्या एका मिस्त्रींनी उघडला. आतली तार तुटली होती, त्यांनी दोन्ही टोकांना पीळ देऊन जोडली. आठ दिवस चालला. नवव्या दिवशी त्याच जागी ठिणगी पडली आणि तार परत तुटली. भाग मिळत नाही म्हणाले.

मग पुण्याहून मुलानं नवा पाठवला. प्लास्टिकचा, ७५० वॅटचा, १ ते ७ आकड्यांची चकती. पहाटे ४ वर लावला तर पाव नुसता गरम होतो, रंग येत नाही. असा पाव चहात बुडवला की फुटून तळाशी जातो, आणि आत्याबाईंना चमच्यानं काढत बसावं लागतं. ७ वर लावला तर पहाटे जमतो, पण रात्री त्याच ७ वर काळाकुट्ट झाला. शिवाय आमच्या बेकरीची स्लाइस उंच आहे, वरचा अर्धा इंच भाग बाहेर राहून पांढराच राहतो.

परत करायची मुदत अजून सहा दिवस आहे. हा नग खराब आहे का? दुसऱ्या कंपनीचा घेऊ का? की जुन्यालाच नवी तार मिळेल? कुणी अनुभवाचं सांगावं.

---

नांदेडकर_गोदाकाठ

ताई, साधा उपाय. लोखंडी तवा, बोटभर तूप, मंद आच. आमच्या घरी टोस्टर कधी आलाच नाही. नाहीतर गॅसवर ठेवायची ती जाळी मिळते, शंभर-दीडशेत. पाव काय, वांगंपण भाजून होतं.

---

उदगीरची सिस्टर

दादा, मला तवा चालेल, आत्याबाईंना नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा पदर शेगडीजवळ गेला होता. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. दवाखान्यात पदर पेटलेल्या बायका मी आयुष्यभर बघितल्या आहेत. त्या दिवसापासून रात्री झोपताना मी गॅसचं बटण सिलिंडरवरूनच बंद करते. त्यांना ज्वाळेशिवाय, एकट्यानं करता येईल असंच काहीतरी पाहिजे.

---

शिल्पनिदेशक_लातूर

सिस्टर, नमस्कार. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला शिकवतो. तुमच्या लिहिण्यात उत्तराचा अर्धा भाग आलेला आहे: पहाटे पांढरा, रात्री काळा, आकडा तोच. नग खराब असता तर दोन्ही वेळा सारखाच वागला असता. मला व्होल्टेजची शंका येते.

टोस्टरची तार म्हणजे एक ठराविक अडथळा. ७५० वॅट हे २३० व्होल्टला धरलेले असतात. व्होल्टेज थोडं कमी झालं की उष्णता थोडी नाही, पुष्कळ कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. २०० व्होल्ट आले तर ७५० चे साधारण ५६७ वॅट उरतात. पाऊण टोस्टरच म्हणा ना. थंडीच्या दिवसांत पहाटे गल्लीतल्या प्रत्येक घरी पाण्यात रॉड नाहीतर गिझर चालू असतो, त्यामुळे लाइनच्या शेवटच्या घरांना फटका बसतो.

आता जुना का बिघडत नव्हता, ते ऐका. मी वर्गात हे आवर्जून सांगतो. त्या काळच्या पुष्कळ टोस्टरांत टायमर म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असायची. एक धातू तापल्यावर जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि ठराविक वाकली की खटका सुटतो. म्हणजे तो टोस्टर वेळ मोजत नव्हता, ऊब मोजत होता. व्होल्टेज कमी असलं की पट्टीपण सावकाश तापायची, आणि पाव आपोआप जास्त वेळ आत राहायचा. आठवून बघा, जुन्याचा दुसरा घाणा पहिल्यापेक्षा लवकर उडायचा का? उडत असेल तर पट्टीच होती, कारण पहिल्या घाण्यात ती तापलेली असते.

नव्यात छोटा इलेक्ट्रॉनिक टायमर असतो. ४ वर लावलं की तो ठरलेले सेकंद मोजतो आणि सोडून देतो. पाव भाजला की नाही हे त्याला कळत नाही. दांडीसुद्धा विद्युतचुंबकानं धरून ठेवलेली असते, म्हणूनच लाइट नसताना नव्याची दांडी खाली टिकत नाही. बरेच जण त्यावरून टोस्टर बिघडला समजून दुकानात घेऊन येतात.

तर आधी मोजा. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो टोस्टरच्या शेजारच्या सॉकेटला लावून पहाटे आणि रात्री, टोस्टर चालू असताना आकडा लिहून ठेवा. घरात गिझर असेल तर तो चालू असताना आणि बंद असताना, असे दोन्ही लिहा.

फ्रिजचा स्टॅबिलायझर याला लावू नका. त्याची ताकद तेवढी नसते. इन्व्हर्टरवरही चालवू नका. आणि एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर तो काढून टोस्टर थेट भिंतीच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. ढिल्या बोर्डातसुद्धा व्होल्टेज गळतं, आणि बोर्ड तापतो ते वेगळंच.

---

दुरुस्तीवाला_संभाजीनगर

सरांनी बरोबर सांगितलं. मी जुन्या तारेबद्दल बोलतो, कारण माझ्याकडे वर्षाला पाच-सहा तरी असे टोस्टर येतात आणि प्रत्येकाचा मालक तुमच्यासारखाच जीव लावून बसलेला असतो.

मावशी, ती तार नायक्रोमची. निकेल आणि क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०५ च्या सुमारास हा मिश्रधातू काढला, त्याच्या आधी उघड्या हवेत लाल होणारी तार टिकतच नव्हती, जळून जायची. नायक्रोमवर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच तारेला वाचवते. पण रोज तापणं, रोज गार होणं. साय तडकते, परत धरते, परत तडकते, आणि दर वेळी तार केसभर झिजते. सदतीस वर्षांनी ती काडीसारखी ठिसूळ झालेली असणार.

अशा तारेला पीळ देऊन जोडलं की जोडावर अडथळा वाढतो, तिथे बाकीच्या तारेपेक्षा जास्त ताप होतो आणि तीच जागा पहिली जाते. मिस्त्रींनी प्रामाणिकपणे केलं, पण ते टिकणारं नव्हतं. डाग मारायचा म्हटलं तर डागाचं कथील तिथल्या उष्णतेनं वितळूनच जातं. धातूची नळी घट्ट दाबून जोड बसवला तर काही महिने निघतात, पण मग दुसऱ्या ठिकाणी तुटते. पूर्ण गुंडाळायची तर त्याच जाडीची तार तेवढ्याच लांबीची लागते, आणि ज्या अभ्रकाच्या पत्र्यावर ती गुंडाळलेली असते तो इतक्या वर्षांनी हात लावला की पापुद्र्यासारखा सुटतो. मी गुंडाळून दिलेले आहेत, पैसेही घेतलेले आहेत. पण ९१ वर्षांच्या आजी पहाटे एकट्या वापरणार असतील तर मी ते काम घेणार नाही. अभ्रक फाटून तार पत्र्याच्या अंगाला लागली आणि अर्थिंग नसलं तर अख्ख्या अंगात करंट. १९८७ च्या टोस्टरची वायर दोन पिनांची होती का तीन, ते बघा. दोन पिनांची असेल तर तुम्ही इतकी वर्षं अर्थिंगशिवाय वापरलात.

नवा घेताना एवढं बघा. एक स्लाइस डब्यात घालून दुकानात न्या आणि खाचेत घालून बघा. ऑनलाइनच्या फोटोवरून खाच कळत नाही. कंपन्या शहरातल्या पाकीटबंद ब्रेडच्या मापानं खाच करतात, आपल्या बेकरीचा पाव उंचीला आणि जाडीलाही जास्त असतो. दुसरं, दांडी वर आल्यावर आणखी थोडी वर उचलता येते का बघा. काही टोस्टरांत तशी सोय असते, त्यामुळे लहान स्लाइससुद्धा बोटांनी धरता येते. ही सोय आजींसाठी फार गरजेची आहे. नसेल तर माणूस चमचा, सुरी, काटा खुपसतो, आणि आतली तार उघडी असते. टोस्टर उडालेला असला तरी पिन लावलेली असेपर्यंत त्या तारेला हात लागणं धोक्याचं आहे. काही सॉकेटांना फेज उलटा, म्हणजे वीज येणारी तार न्यूट्रलच्या जागी, दिलेला असतो, तिथे बटण सुटलं तरी तारेत वीज राहते. तिसरं, खालचा चुऱ्याचा ट्रे निघणारा असावा. आयएसआयची खूण आणि वॉरंटीचा कागद तर हवाच. बाराशे ते दोन हजारांत चांगला येतो, आमच्याकडे गुलमंडीला तर दुकानांची रांग आहे, पण तुम्हाला लातूर जवळ पडेल.

---

परभणीची_लेक

काकू, माझी आई ८४ वर्षांची. तिच्यासाठी मी हेच सगळं केलंय, म्हणून दोन गोष्टी.

ताजा पाव लवकर भाजत नाही. त्याच्यात पाणी जास्त असतं, आणि वरचं पाणी उडून गेल्याशिवाय पावाला रंगच धरत नाही. त्याच दिवशीचा असेल तर माझ्याकडेही पांढरा निघतो. आदल्या दिवशीचा, कपड्यात गुंडाळून ठेवलेला वापरला की त्याच आकड्यावर छान तांबूस होतो. आणि चहात फुटतही नाही. तुम्ही पाव सकाळी घेता की संध्याकाळी?

दुसरं, चकतीवरचे आकडे आईला दिसायचे नाहीत. ज्या आकड्यावर ठेवायचं तिथे मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, आणि तसाच एक चकतीच्या टोकावर. ठिपक्याला ठिपका लावायचा. चष्मा नसला तरी जमतं तिला.

आई म्हणायली, त्या आजींना माझा नमस्कार सांग.

---

उदगीरची सिस्टर

सगळ्यांचे आभार. चार दिवस मोजमाप केलं, ते लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सर, व्होल्टमीटर आणला. ताप-बीपीचा तक्ता लिहायची सवय आहे, तसाच तक्ता केला. रात्री दहाला २२६. पहाटे साडेपाचला, टोस्टर चालू असताना, १९८. दुसऱ्या दिवशी १९६. तिसऱ्या दिवशी मी साडेपाचला स्वतः उठून न्हाणीघरातला गिझर बंद केला, तर आकडा २११ वर गेला. म्हणजे साधारण निम्मी घट बाहेरच्या लाइनची, आणि निम्मी आमच्या स्वतःच्या गिझरची. मुलानं दोन वर्षांपूर्वी बसवला तेव्हा वायरमननं स्वयंपाकघराच्याच जुन्या वायरवरून ओढलेला आहे, हे मला आत्ता कळलं. गिझर पाचला लावायची सवय यांची, मी त्यांना सहाला लावायला सांगितलं. वायरमन रविवारी येऊन गिझरची लाइन मीटरपासून वेगळी ओढणार आहे.

आणि हो, जुन्याचा दुसरा घाणा लवकर उडायचा! मी दर वेळी दुसऱ्या घाण्याला चकती थोडी पुढे सरकवायचे, हात आपोआप जायचा. असं का होतं, हे सदतीस वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. तुमचं वाचून आत्याबाईंना समजावून सांगितलं की तो ऊब बघायचा, घड्याळ नाही. त्या म्हणाल्या, “मग? चुलीवर भाकरी घड्याळ बघून करतेत का?”

परभणीच्या ताई, पाव आम्ही सकाळी आणायचो. आता आदल्या दिवशी दुपारी आणून सुती पंचात गुंडाळते. एवढ्यानंसुद्धा फरक पडला. आईंना आमचाही नमस्कार.

दुरुस्तीवाले दादा, जुन्याची पिन बघितली. दोनच पिना आहेत. ते वाचल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. शेजारणीच्या पोराला शॉक बसून दवाखान्यात आणलं होतं, ते आठवलं. आता तो टोस्टर परत लावायचा नाही, हे ठरलं. पिन कापून टाकली, म्हणजे कुणी चुकून लावणार नाही.

नवा परत पाठवला, व्होल्टेजमुळे नाही, खाचेमुळे. काल लातूरला गेले होते. डब्यात दोन स्लाइस घेऊन गंजगोलाईजवळच्या तीन दुकानांत फिरले. पहिल्यानं खोका उघडायलाच नकार दिला. दुसऱ्याकडे खाच लहान. तिसऱ्या दुकानातल्या मुलानं न सांगता वर्तमानपत्र अंथरलं, चार टोस्टर काढून मांडले आणि म्हणाला, घालून बघा मावशी. चौथ्यात आमची स्लाइस पूर्ण आत गेली. दांडी वर उचलता येते, ट्रे निघतो, तीन पिना. १,६५० रुपये. दांडी दाबायला हलकी आहे का हे बघायला मी डाव्या हाताच्या करंगळीनं दाबून बघितली, कारण आत्याबाईंच्या बोटांत आता तेवढंच बळ आहे.

आज पहाटे मी मुद्दाम उठले नाही. अंथरुणातूनच ऐकत होते. थर्मासचं झाकण, मग दांडीचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग खटका. गिझर बंद, चकती ५ वर, नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. सहाला स्वयंपाकघरात गेले तर कप रिकामा होता आणि तळाशी काही नव्हतं. “हा जरा उतावळा आहे, पण डबलरोटी भाजतोय,” म्हणाल्या.

---

शिल्पनिदेशक_लातूर

छान झालं सिस्टर. गिझरची लाइन वेगळी ओढताना वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण. वायरमनला म्हणावं अर्थिंगही तपासून दे.

एक विनंती. जुना टोस्टर भंगारात देऊ नका. वर्गात पट्टीचा टायमर मला फळ्यावर काढून दाखवावा लागतो, मुलांनी खरा बघितलेला नाही. मला द्याल का?

---

उदगीरची सिस्टर

देते सर. आत्याबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या पोरं शिकतील तर दे. रात्री बसून तो पुसून काढला, आतला चुरा झटकला. चेपलेला कोपरा तसाच आहे, तो ठोकून सरळ करू नका. गुरुवारी लेकीकडे लातूरला येतेय, त्याच खोक्यात घालून आणते.